श्रीहरीने केलेली दोन्हींची सोय

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. श्रीहरी त्याचं नाव. कुसुमताईंच्या वधूवर मंडळाचा प्रोग्राम तो लिहायचा. भाषा मोठी शहाणी निवडली होती. शहाणपण सगळं तिच्यातच संपलं असावं! त्या भाषेत प्रत्येक माहिती डब्यातून येते. डब्यात काही असेल, नाहीतर काहीच नसेल. उघडण्याआधी बघायचं, एवढंच.

श्रीहरीने न बघताच उघडला. कुणाचा तरी फोन नंबर रिकामा निघाला आणि सगळा प्रोग्राम आडवा झाला.

"अरे बाबा, रिकामं दिसलं तर आपल्याकडचं ठरलेलं काहीतरी घालावं," कुसुमताई म्हणाल्या.

"घालतो, ताई."

दुसऱ्या दिवशी 'आधीच्या नवऱ्याचं नाव' हा रकाना तीनशे मुलींचा रिकामा निघाला. लग्नंच झाली नव्हती, नाव कुठून येणार? श्रीहरीने सगळीकडे ताईंच्या यजमानांचं नाव घातलं. प्रभाकरराव आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत.

"मेल्या, मनचं काही घालू नकोस! रिकामं असेल तर तसंच पुढे जाऊ दे."

"जाऊ देतो, ताई."

मग एका मुलाकडच्यांना मुलीची चिठ्ठी तिच्या पत्त्याविनाच गेली. बिचाऱ्यांनी चार गावं पालथी घातली, सात घरी पोहे खाल्ले. मुलगी काही सापडली नाही.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, असेल तर काय आणि नसेल तर काय, दोन्हींची सोय आधी करून ठेवावी!"

हे मात्र श्रीहरीला मनापासून पटलं.

त्याच वैशाखात त्याचं स्वतःचं लग्न ठरलं. चौतीस नकारांनंतर ताईंनीच रेवती शोधली होती. पोरगी हसरी, समंजस. श्रीहरीचा तिच्यावर जीव जडला होता. एवढं पार पडू दे म्हणून आई रोज देवाला विनवायची.

मांडव भरला. अंतरपाट धरला. श्रीहरीला घाम फुटला. पलीकडचं काहीच दिसेना! त्याच्या शेजारी एक मुलगी उभी होती. करवली जरा जास्तच नटलीय, असं बायका कुजबुजल्या.

शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट बाजूला झाला. समोर रेवती हार घेऊन उभी होती. तिने शेजारणीच्या मुंडावळ्या पाहिल्या.

"ही कोण?"

"तुम्ही नसता तर? म्हणून सोय केली होती."

"सोय?" शेजारीण किंचाळली. "मला तर म्हणालात, आज आपलं लग्न आहे!"

रेवतीने हार भटजींच्या हातात दिला आणि ती तरातरा निघून गेली. श्रीहरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग त्याला धडा आठवला.

"बघितलंत ना ताई? सोय होती म्हणून लग्न अडलं नाही!" असं म्हणून तो शेजारी वळला.

तोवर दुसरी नवरी पहिलीच्याच रिक्षात बसली होती.