प्रश्नात नसलेली रेघ

"उत्तर तर तुमाले माहीत हाय जी. मंग विचारता काय?"

ठवकर गुरुजींनी मान खाली घातली. उत्तर माहीत होतं, हे खरंच. तीस अंश. पण तीसच का, हे काही त्यांना वर्षभरात उलगडलं नव्हतं.

"का तीस, ते विचारतो, बाबा."

"ते तीसलेच विचारा ना..."

असं म्हणून मोजणीबाबांनी तंबाखू मळायला घेतली.

तलावावर दुपार पसरली होती. कमळाची पानं हलत नव्हती. पलीकडे एक बगळा उभा होता, तो बहुधा सकाळपासून तिथंच असावा. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बाबांची झोपडी, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला करंजाचं झाड. अशा जागी आलेल्या माणसाला आपण कशासाठी आलो याचाच थोडा विसर पडतो. गुरुजी मात्र विसरायला तयार नव्हते.

मोजणीबाबा पूर्वी मोजणीखात्यात होते. सत्तावीस वर्षं साखळी ओढत त्यांनी लोकांची शेतं मोजली, आणि एक दिवस साखळी कचेरीत जमा करून इथं येऊन बसले. कुणीतरी भगवी छाटी आणून दिली, ती नेसले. ते उपदेश करत नाहीत, अंगारा देत नाहीत, कुणाचं भविष्य सांगत नाहीत. तरी लोक येतात. काही न देणाऱ्या माणसाकडं आपल्याकडे जरा जास्तच गर्दी होते.

चिंतामण ठवकर त्या गर्दीतले नव्हते. चोवीस वर्षं त्यांनी हायस्कुलात भूमिती शिकवली होती. फळ्यावर नुसत्या हातानं काढलेलं त्यांचं वर्तुळ बघायला दुसऱ्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहत. साधू-बैराग्यांविषयी त्यांचं मत चांगलं नव्हतं आणि ते त्यांनी कधी लपवलंही नव्हतं. तरीही ते आज सायकल दामटत चार कोस आले होते, यावरून त्यांचं काय झालं होतं ते समजावं.

बाबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि हातानंच खूण केली, काढा तुमचं चित्र.

गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात खडूचे तुकडे कायम असतात. त्यांनी एक तुकडा काढला आणि सारवलेल्या अंगणात हातभर लांबीचा त्रिकोण काढला. उंच, निमुळता. माथ्याचा कोन वीस अंशांचा, खालचे दोन्ही ऐंशी-ऐंशीचे. मग डाव्या कोपऱ्यातून समोरच्या बाजूपर्यंत एक रेघ नेली, पायाशी साठ अंश करून. उजव्या कोपऱ्यातून दुसरी, पन्नास अंश करून. ह्या दोन रेघा जिथं बाजूंना टेकल्या ते दोन बिंदू त्यांनी जोडले.

"ही जोडरेघ आणि ही डावीकडून आलेली रेघ, यांच्यामधला हा कोन. एवढाच काढायचा आहे."

"पोरखेळ दिसते."

"तसंच वाटतं, बाबा," गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या दिवाळीत शिक्षकांचं शिबिर होतं, तिथं गोंदियाकडच्या एका शिक्षकानं हे कोडं चिठ्ठीवर काढून दिलं. म्हणाला, नववीच्या पोराला जेवढं येतं तेवढ्यात सुटतं. गुरुजी म्हणाले, चहा येईपर्यंत सोडवतो. चहा आला, गार झाला, शिबिर संपलं, वर्ष सरलं. इकडून बेरीज करा, तिकडून वजाबाकी करा, शेवटी हाती यायचं ते एकच. क्ष बरोबर क्ष. जेवताना ते ताटातल्या भाताला त्रिकोणाचा आकार देऊ लागले, तेव्हा बायकोनं त्यांना डॉक्टरकडं चला म्हटलं.

एका रात्री त्यांनी दार लावून घेतलं आणि कोनमापकानं तो कोन मोजला. भूमितीच्या मास्तरानं सिद्ध करायचा कोन मोजावा, म्हणजे उपवासाच्या दिवशी चोरून जेवण्यासारखंच. तीस अंश भरला.

खरी चूक त्याच्या पुढची. गुरुजींना एक कोडं सुटत नाही, ही बातमी शाळेत फुटली होती. ती मिटवायची म्हणून श्रावणात एका सकाळी त्यांनी नववी ब च्या फळ्यावर ती आकृती काढली आणि सहा पायऱ्यांची सिद्धता लिहून मोकळे झाले. चौथ्या पायरीवर दोन रेघा समान आहेत असं लिहिलं, आणि कारण म्हणून कंसात लिहिलं, 'आकृतीवरून'. हाच शब्द लिहिला म्हणून त्यांनी चोवीस वर्षं पोरांचे गुण कापले होते.

"कोणी पकडलं?" बाबांनी विचारलं.

"एका मुलीनं. शेवंता कोहळे. उभी राहिली आणि म्हणाली, सर, आकृतीवरून कसं?"

"मंग?"

"मी तिला खाली बसवलं."

बाबा तंबाखू चघळत राहिले.

गुरुजींनाच राहवेना. ते भराभर सांगू लागले. त्या दिवसापासून नववी ब मध्ये कुणी हात वर करत नाही. काही विचारलं तर सगळे वहीत बघतात. कळलं का म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात कळलं म्हणतो. एवढा गुणी वर्ग आजवर मिळाला नाही, असं हेडमास्तर म्हणाले. गुरुजींना त्या गुणीपणाची भीती वाटू लागली होती. त्यांना रडू येत होतं, आणि ते त्यांनी बाबांपुढं लपवलंही नाही.

सोमवारी दिवाळीची सुट्टी संपत होती. त्यांच्या खिशात खडूंच्या जोडीला एक घडी केलेला कागद होता. राजीनामा. खरी सिद्धता मिळाली तर ती घेऊन वर्गात जायचं, नाहीतर हा कागद घेऊन ऑफिसात, असं त्यांनी ठरवलं होतं.

"आणखी काय म्हणाली ती पोरगी?"

"काहीतरी म्हणाली. फळ्यापाशीही आली होती... आठवत नाही. भलतंच काहीतरी होतं, प्रश्नाला सोडून."

"हं..." बाबा म्हणाले आणि उठले.

त्यांनी तलावात छाटी खळबळून आणली. मग झोपडीतून एक सुंभाची दोरी आणि खुंटी काढली. गुरुजींना वाटलं, आता कोड्याविषयी काहीतरी निघेल. पण बाबा सरळ आकृतीवरून चालत आले, बरोबर त्रिकोणाच्या डाव्या कोपऱ्यावर दगडानं खुंटी ठोकली, दोरीचं एक टोक तिला बांधलं आणि दुसरं टोक करंजाच्या फांदीला. दोरी तिरपी वर गेली. वरच्या अंगाला त्यांनी छाटी वाळत घातली.

"बाबा, आकृती..."

"तुमची आकृती तुमच्यापाशी. मले छाटी वाळवाची हाय."

आणि ते झोपडीच्या सावलीत आडवे झाले. पाच मिनिटांत घोरूही लागले.

हे त्यांनी मुद्दाम केलं की त्यांना खरंच तीच जागा सोयीची वाटली, हे गुरुजींना आजतागायत कळलेलं नाही.

राग आला होता, पण रागावण्याइतकी ताकद उरली नव्हती. गुरुजी अंगणातच बसून राहिले. छाटीतून थेंब पडत होते. थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. ऊन मऊ झालं. त्यांनी हाताची उशी केली आणि आकृतीशेजारीच कलंडले.

डोळे मिटले नव्हते, उघडेही नव्हते. तलाव मोठा होत होत अंगणापर्यंत आला असं त्यांना वाटलं. पांढऱ्या रेघा पाण्यावर तरंगत होत्या. माथ्याचा कोन कुठंतरी लांब, पलीकडच्या काठावर, त्या बगळ्याच्या पायापाशी होता. फळ्यावरचे सगळे अंक पाण्यात उतरले होते आणि कुणालाच घाई नव्हती. वर्षभरात पहिल्यांदा त्या त्रिकोणानं त्यांच्याकडं काही मागितलं नाही. त्यांना फार बरं वाटलं.

दोरीची सावली त्रिकोणात पडली होती. खुंटीपाशी सुरू होऊन ती आधी पायाच्या रेघेवरच निजली होती. सूर्य कलत होता तशी ती डाव्या कोपऱ्यावर फिरत, अगदी सावकाश, वर उचलली जात होती. एखादी बाई झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून हात काढून घेते, तशी. गुरुजी तिच्याकडं बघत होते. त्यांना काही शोधायचं नव्हतं.

सावली पायापासून थोडी वर आली. समोरच्या बाजूला टेकली. अजून थोडी वर...

आणि एका जागी त्यांना वाटलं, ही तर पायाच्या रेघेएवढीच आहे.

ते पडल्या पडल्याच म्हणाले, पायाशी वीस. उजवीकडचे ऐंशी. म्हणजे हा तिसराही ऐंशी. दोन कोन समान, तर दोन बाजू समान. आकृतीवरून नाही. खरोखरच समान.

ते उठून बसले. सावली सरकायच्या आत तिच्यावरून खडू फिरवला. पन्नास अंशांच्या रेघेनं डाव्या बाजूवर जो बिंदू दिला होता, तोही कोपऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर निघाला. मधला कोन साठ, म्हणजे हा त्रिकोण तिन्ही बाजूंनी सारखा. पलीकडच्या त्रिकोणात चाळीस आणि चाळीस, म्हणजे तिथंही बाजू तेवढीच. जिकडं बघावं तिकडं तीच लांबी. उरलेला कोन चाळीस, त्याच्या शेजारचे सत्तर-सत्तर. सत्तरातून चाळीस गेले.

तीस.

गुरुजी हसले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी खडूच्या हातानं पुसलं, तेव्हा गाल पांढरे झाले. किती सोपं होतं. नववीच्या पोराला येतं तेवढंच. एक रेघ लागत होती, आणि ती प्रश्नात दिलेली नव्हती. म्हणून त्यांनी ती कधी काढलीच नव्हती. दिलेल्या सहा रेघांत वर्षभर येरझाऱ्या घातल्या होत्या.

ते त्या सातव्या रेघेकडं मायेनं बघत राहिले. डाव्या कोपऱ्यातून निघालेली, थोडीशी तिरपी...

आणि त्यांचं हसू थांबलं.

ही रेघ त्यांनी पाहिली होती.

श्रावणातली ती सकाळ. पंखा बंद होता. शेवंता कोहळे फळ्यापाशी आली होती आणि तिनं विचारलं होतं, सर, इथून एक रेघ काढून बघू का? उत्तराची वाट न पाहता तिनं डाव्या हातानं खडू उचलला होता. ती डावखुरी आहे, हेही त्यांना आता आठवलं. डाव्या कोपऱ्यावर खडू टेकवून तिनं वीतभर रेघ ओढली होती. थोडीशी तिरपी. गुरुजी म्हणाले होते, प्रश्नात नाही ती रेघ काढायची नाही. आणि त्यांनी डस्टर घेऊन ती वीतभर रेघ स्वतःच्या हातानं पुसून टाकली होती. तिच्या हातातला खडू काढून घेतला होता. मग म्हणाले होते, खाली बस.

बाबा जागे झाले होते. कधीपासून, कोण जाणे.

गुरुजींनी त्यांना सगळं सांगितलं, मधे काही न गाळता. सिद्धता सांगायला दोन मिनिटं लागली. डस्टरचं सांगायला जास्त वेळ लागला.

"सिद्धता मिळाली, बाबा. पण ती माझी नाही... आता कोणत्या तोंडानं वर्गात जाऊ?"

त्यांनी खिशातून राजीनामा काढला. घडीत खडूची पूड भरली होती, ती अंगणात सांडली. कागदाबरोबर खडूचे दोन तुकडेही त्यांच्या तळहातावर आले.

बाबांनी छाटी चाचपून पाहिली. वाळली होती. त्यांनी दोरी सोडली, खुंटी उपटली, आणि सावली अंगणातून निघून गेली. गुरुजींची पांढरी रेघ तेवढी राहिली.

मग ते गुरुजींसमोर येऊन उकिडवे बसले. कागदाकडं त्यांनी पाहिलंही नाही. तळहातावरचा खडूचा एक तुकडा दोन बोटांत उचलून उन्हात धरला, आणि परत तिथंच ठेवला.

"पुसता तर तुमाले येते, गुरुजी... हा देता येते काय?"