कातळबंदरच्या उंडीची फांदी

गाडी थांबवलीत हे बरं केलंत, पण काच खाली करून नुसतं बोट दाखवताय ते काही बरं नाही. "काका, ती फांदी तोडत का नाही हो, टपाला घासली," हे या मोसमात मला निदान वीस जणांनी विचारलं असेल. सगळ्यांनी बसल्या जागेवरून. उत्तर द्यायचा कंटाळा आलाय, पण दिल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून सांगतो.

हे झाड उंडीचं. पूर्वी याच्या बियांचं तेल काढून मचव्यांना लावायचे, दिव्यातही घालायचे. मचवा म्हणजे आपली शिडाची होडी. झाड किती जुनं ते कोणाला ठाऊक नाही. आता फांदी बघा. बाकीचं झाड वर गेलंय आणि ही एकटीच खांद्यातून निघून सरळ खाडीकडे गेलीय, कोणीतरी हात लांब करून उभं राहावं तशी. ती अशी का, त्याची गोष्ट आहे.

या उंचवट्यावर तेव्हा विसाजी खोताचं घर होतं असं सांगतात. माणूस वाईट नव्हता. आळशी होता, आणि आळशी माणसाच्या हातात गाव असलं की काय होतं ते आम्हाला विचारा. पडवीत शिसवी झोपाळा होता. खोत त्यावरून सकाळी उतरायचा तो जेवायला, आणि जेवून परत त्यावर. न्यायनिवाडा झोपाळ्यावरून, शेतीची कामं झोपाळ्यावरून. नुसतं बोट दाखवायचं, गडी पळायचे.

झाडाला तेव्हा दोन मोठ्या फांद्या होत्या. एक खोताच्या कौलांवर आलेली. तिची फळं कौलांवर ठणठण पडायची आणि खोताची दुपारची झोप मोडायची. दुसरी ही, खाडीकडची. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहे, आजही आहे. बाहेरून येणारे तांडेल, म्हणजे मचव्यांचे म्होरके, ही फांदी बघायचे आणि ती दाखवील त्या अंगाने मचवा आत घालायचे. गावाला दुसरी खूण नव्हती.

पावसाळा तोंडावर आला तसा खोताने कौलांवरची फांदी तोडायचं मनावर घेतलं. गावात फांद्या तोडणारा गडी होता. पण तो फार विचारायचा. कुठली फांदी, कुठून तोडू, कुठल्या अंगाला पाडू, वर घरटं आहे त्याचं काय. खोताला त्याचा वैताग. म्हणून त्याने खाडीपलीकडचा एक गडी बोलावला. त्याने काही म्हणजे काही विचारलं नाही. खोताला तो फार आवडला.

"कुठली?" एवढंच त्याने झाडावर चढून विचारलं. खोताने झोके घेत बोट दाखवलं. आता तुम्हीच सांगा, झोपाळा पुढे गेला की बोट कौलांवरच्या फांदीकडे, मागे आला की खाडीकडच्या. पायाने झोपाळा थांबवावा एवढं त्या माणसाला सुचलं नाही. गड्याने बघितलं तेव्हा झोपाळा मागे होता. त्याने खाडीकडची फांदी खोडालगत तोडली. धाड्दिशी आवाज झाला, तरी खोत उठला नाही. मग कौलांवर फळ पडलं, ठण्ण. तेव्हा म्हणे तो म्हणाला की अरे, ही नव्हे, ती. गड्याने विचारलं, मग तीपण तोडू? आणि खोत म्हणाला, तोड. काय बोलावं अशा माणसाला!

फांदी पडलेली पहिल्यांदा पाहिली ती भिवराने. तिचा नवरा धाकू तांडेल मोसमातली शेवटची खेप घेऊन यायचा होता, आणि त्याच्यामागे गावचे बाकीचे मचवे. आभाळ भरलं होतं, वारा सुटला होता. बाहेरून बघणाऱ्याला आता नुसतं झाड दिसणार होतं, आणि फांदी नाही म्हणजे हे आपलं गाव नव्हे असं समजून मचवे पुढे तरी गेले असते, नाहीतर अंदाजाने आत शिरून खडकावर आपटले असते. भिवरा खोताकडे गेली. खोत म्हणाला, एवढं काय त्यात, येतील की.

लोकांनी जाळ केला, तो वाऱ्याने विझला. फांदीच्या जागी बांबू बांधला, तो मोडला. शेवटी भिवराने नवऱ्याचं जुनं वल्हं घेतलं, त्याला आपलं एक लुगडं गुंडाळलं आणि झाडावर चढली. ताज्या घावावर पाय रोवून, पाठ खोडाला लावून तिने ते वल्हं खाडीकडे आडवं धरलं. वाऱ्याने ती हलायची, वल्हं हललं नाही. खालून बायका उतर उतर म्हणून रडत होत्या. ती उतरली नाही. पहिलं शीड दिसलं तेव्हाही नाही, आणि शेवटचा मचवा वाळूला लागेपर्यंत नाही.

धाकू वर आला तर सगळं गाव झाडाखाली. कोणीतरी त्याला म्हणालं की फांदी तोडली रे. त्याला ते खरंच वाटेना. "फांदी होती की जागेवर," तो म्हणाला. सगळे तांडेल तेच म्हणाले. मग त्यांनी वर बघितलं.

भिवराला उतरवून घेतलं, पण तिचा हात खाली येईना. तसाच आडवा राहिला, जन्मभर. ती तो हात तसाच घेऊन खोताच्या पडवीत गेली. खोत झोके घेत होता. म्हणाला, बघ, आले ना सगळे?

"खोतानू," ती म्हणाली, "आधी खाली उतरा. मग बोट दाखवा."

त्या आडव्या राहिलेल्या हातासमोर खोताला बसवेना. तो उतरला, अनवाणी झाडापर्यंत गेला, शिडी लावून वर चढला आणि त्या घावावर त्याने स्वतःच्या हाताने शेणमाती लिंपली. पुढच्या पावसात तिथूनच कोंब आला आणि वर न जाता सरळ खाडीकडे वाढत गेला, असं आमचे म्हातारे सांगायचे.

आजही कातळबंदरात झाडाला कोयता लागायचा असेल त्या दिवशी घरातला झोपाळा कड्यांवरून काढून ठेवतात. घरमालकाने जाऊन नको असलेल्या फांदीवर तळवा ठेवायचा, हात पोचत नसेल तर शिडी लावायची, आणि मगच गडी कोयता उचलतो. तोडून झालं की घावावर शेणमाती मालकानेच लावायची. गेल्या वर्षी एका पुण्याच्या बंगलेवाल्याने मोबाईलवरून फांदी दाखवली. आमचा गडी दोन दिवस कुंपणावर बसून राहिला, मालक स्वतः येईपर्यंत. त्याला नावं ठेवली लोकांनी, पण तळवा ठेवल्यावर मालकच म्हणाला की राहू दे. हे असं पुष्कळ वेळा होतं.

तर आता तुमचं. फांदी तोडायची म्हणताय ना? मी नाही म्हणत नाही. शिडी ती तिकडे भिंतीला आहे. उतरा गाडीतून.