खिंडीच्या अलीकडे

“शंभर पावलं राहिली होती, बाबा. शंभरच! मग मागं का फिरवलंत?”

कोंडिबा ढेबे धोतराला लागलेली कुसळं काढत होते. एक काढलं, नीट बघितलं आणि वाऱ्यावर सोडून दिलं.

“उद्याच्याला बी फिरवनार हाय,” ते म्हणाले.

हेमंत टिपणीस एरवी भांडलाच असता. पण एवढा चढ पळून आल्यावर भांडायला दम कुठून आणायचा?

आज अठरावा दिवस. अठरा दिवसांत या म्हाताऱ्यानं त्याला एकदाही खिंड गाठू दिली नव्हती. कधी दोन वळणं आधी, कधी हाकेच्या अंतरावरून. आज तर खिंडीतला भगवा झेंडा फडफडताना दिसत होता, आणि नेमकं तेव्हाच बाबा म्हणाले, “फिरा.”

कोंडिबांनी चौतीस वर्षं टपालाची थैली वाहिली होती. खालच्या डांबरी रस्त्यापासून घाटमाथ्यावरच्या वाड्यांपर्यंत तेरा किलोमीटर वर, तेरा खाली, रोज. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं; कुठलं पत्र कुणाचं, ते खालचे पोस्टमास्तर सांगून देत. कुणाच्या घरी पाळणा हलला आणि कुणाच्या घरी कोण गेलं, हे त्यांना गावातल्या लोकांची तोंडं बघून कळायचं. नोकरी सुटली, पण पाय काही सुटले नाहीत. त्र्याहत्तराव्या वर्षीही ते उजाडता उजाडता खिंडीच्या वाटेला लागत.

शहरातल्या पळणाऱ्या मंडळींना याचा पत्ता लागला आणि एकेक जण शिकायला येऊ लागला. बहुतेक जण दोन दिवसांत परत जात, कारण म्हातारा शिकवत काहीच नसे. नुसता बरोबर पळे.

हेमंत मात्र टिकला. पन्नाशीचा माणूस, महिन्याची रजा टाकून शाळेमागच्या खोलीत राहिला होता. पूल बांधणारा इंजिनिअर. आजवर अकरा पूल बांधले आणि एकही अर्धवट सोडला नाही, हे तो ओळख झाल्यावर पाच मिनिटांच्या आत सांगत असे. शहाण्या माणसाला शिकवणं अवघड. त्याची झोळी आधीच भरलेली असते.

पहिल्या दिवशीचं बोलणं एवढंच झालं होतं.

“किती पळायचंय सायेब?”

“बेचाळीस किलोमीटर. फेब्रुवारीत शर्यत आहे.”

“आजवर किती पळालाय?”

“एकही नाही. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलंय. पण शिकलो की मी पुरं करतो. कुठलंही काम असो.”

“आन् कशापायी पळायचं?”

“ते माझं खासगी आहे.”

“बरं,” कोंडिबा म्हणाले. “मी फिरा म्हनलं की फिरायचं. येवढंच.”

हेमंतला ही अट फारच सोपी वाटली होती.

पहिला आठवडा त्यांनी त्याला नुसतं चालवलं. मध्येच चौथ्या दिवशी त्याच्या अंगात आलं आणि तो सुसाट सुटला. अर्ध्या चढावर करवंदीच्या जाळीजवळ बसून ओकला. कोंडिबा मागून आपल्या चालीनं आले, तांब्यातलं पाणी पुढं केलं.

“पोटातलं गेलं सायेब. डोस्क्यातलं जायाला येळ लागंल.”

मग म्हणाले, “पावलं बारीक टाका. चढ खायाचा न्हाय. चाटायचा.”

हेमंत चाटायला शिकला. पायाला फोड आले, फुटले, कातडी घट्ट झाली. दहाव्या दिवशी तो न थांबता तीन किलोमीटर चढला. त्याला वाटलं होतं, बाबा आता शाबासकी देतील.

“फिरा,” बाबा म्हणाले.

“अहो, अजून दम आहे माझ्यात!”

“म्हनून तर.”

असं रोज. दम असताना फिरा. खिंड दिसत असताना फिरा. हेमंतचा संताप संताप होई. रात्री खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडे, आणि डोळ्यांसमोर ती न गाठलेली खिंडच येई.

आज अठराव्या दिवशी शेवटी तो बोलला.

“बाबा, मी पूल बांधतो. नदीच्या मध्यापर्यंत बांधून सोडला तर त्या अर्ध्या पुलाचा कुणाला काय उपयोग?”

कोंडिबांनी थोडा विचार केला.

“कडेला बसून पानी बघाया बरा.”

“चेष्टा करू नका.”

“न्हाय वो. चांगलं दिसतं तिथनं पानी.”

हेमंत तरातरा उतरून गेला. त्या दिवशी त्यानं रामराम पण केला नाही.

एकोणिसाव्या दिवशी धुकं होतं. दोघं न बोलता पळत होते. म्हाताऱ्याची पावलं वाजत नव्हती, हेमंतचा श्वास तेवढा ऐकू येत होता. शेवटच्या वळणावर ओझी वाहणाऱ्यांनी टेकायचा एक लांबट दगड आहे. तिथं कोंडिबा थांबले.

“फिरा.”

हेमंत फिरला नाही.

तो पळत सुटला. बारीक पावलं वगैरे सगळं विसरून, दात-ओठ खात, ऊर फुटेस्तोवर पळाला. झेंड्याच्या काठीला त्यानं दोन्ही हात लावले. मग मागं वळून, हात वर करून ओरडला. काय ओरडला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. धुक्यात पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

तो परत आला तेव्हा कोंडिबा दगडाजवळ उभेच होते. रागावलेले दिसत नव्हते.

“पोचलात?”

“पोचलो!”

“काय हुतं तितं?”

“काही नाही… वारा होता.”

“कुनी हुतं का?”

“कोण असणार एवढ्या सकाळी?”

“मग रडताय कशापायी?”

हेमंतनं गालाला हात लावला. गाल ओला होता.

“घाम आहे,” तो म्हणाला.

“बरं.”

बाबा आणखी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. माणसाला उलट उत्तर तरी देता येतं. हेमंत दगडावर बसला.

“माझा धाकटा भाऊ होता,” तो म्हणाला. “नंदन.”

कोंडिबांनी काठावरचं एक कुसळ उपटलं.

“आरंभशूर होता, बाबा. पहिल्या नंबरचा. सतार घेतली, चार महिने वाजवली. वकिलीचं एक वर्ष केलं, दुसऱ्याला राम राम. माशांची टाकी आणली, मासे शेजाऱ्यांनी सांभाळले. लग्नसुद्धा साखरपुड्यापर्यंत. घरात काही अर्धवट दिसलं की आम्ही म्हणायचो, याचा नंदन झाला. मीच म्हणायचो. सगळे हसायचे. तोही हसायचा.”

हेमंतनं बाहीनं तोंड पुसलं.

“एक्केचाळिसाव्या वर्षी पळायला लागला. आम्ही म्हटलं, महिनाभर चालेल. सात महिने पळाला. मला म्हणायचा, दादा, चल की माझ्याबरोबर. मी म्हणायचो, तुझं पूर्ण होऊ दे, मग बघू.”

“मंग?”

“गेल्या फेब्रुवारीत ही शर्यत होती. मी घरी पेपर वाचत होतो. त्याचा फोन आला. धापा टाकत होता. म्हणाला, दादा, एकतीस झाले. छातीत कसंतरी होतंय. थांबू का?”

हेमंतनं वर खिंडीकडे बघितलं. कोंडिबांनी घाई केली नाही.

“मी म्हणालो… मी म्हणालो, नंद्या, आता सोडू नकोस. आयुष्यात एक गोष्ट तरी पूर्ण कर.”

वारा पडला होता. धुकं दगडापर्यंत खाली आलं होतं.

“तिथून तो दोन किलोमीटर पळाला. मग पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं सगळं. त्यानं माझं ऐकलं, बाबा. आयुष्यभर माझं कधी ऐकलं नाही आणि त्या दिवशी ऐकलं.”

मग तो लहान मुलासारखा रडला. अकरा पूल बांधलेला माणूस. कोंडिबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही की ‘उगी’ म्हटलं नाही. ते नुसते उभे राहिले. एवढी वर्षं लोकांच्या दारात पत्र देऊन ते असेच उभे राहत असतील, घरातलं रडणं ऐकू आल्यावर पाय निघत नाही म्हणून.

बऱ्याच वेळानं हेमंतनं मान वर केली.

“माझं चुकलं का, बाबा?”

आजवर त्यानं हे कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कुणीही म्हटलं असतं, नाही रे, तुला काय माहीत होतं? तेच ऐकायची त्याला भीती वाटत होती.

“व्हय,” कोंडिबा म्हणाले. “चुकलं.”

हेमंतनं डोळे मिटले. त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरल्यासारखा झाला. खरं बोलणारं कुणीतरी भेटलं होतं.

“आईनं एवढंच विचारलं, किती राहिलं होतं रे त्याचं? मी म्हणालो, नऊ किलोमीटर. तिथंच ठरवलं. त्याचे ते नऊ मी पुरे करणार. मला बेचाळीसशी काही देणंघेणं नाही, बाबा. मला ते शेवटचे नऊ पळायचेत. त्यासाठी आधीचे तेहेतीस पळावे लागतील, तर पळेन. मधे मेलो तरी चालेल.”

“आन् मंग?”

“मग त्याचं पूर्ण होईल.”

“त्येनं तुमाला काय इचारलं हुतं?”

“कधी?”

“फोनवर.”

हेमंतनं खाली बघितलं.

“थांबू का.”

“नऊ किलोमीटर मागितलं हुतं का त्येनं?”

हेमंत बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

“सांगा की, सायेब. मागितलं हुतं?”

“नाही.”

खाली वाडीत कुणाचा तरी कोंबडा उशिरानं आरवला. हेमंत उठायला गेला, पुन्हा बसला. उठून कुठं जायचं ते त्याला कळेना. वर खिंड होती, ती तर गाठून झाली होती. वर्षभर जी गोष्ट उराशी धरून तो जगला, जिच्यामुळे सकाळी अंथरुणातून उठत होता, ती या अडाणी म्हाताऱ्यानं दोन वाक्यांत काढून घेतली होती. आता हातात काय राहिलं? नंदनचा धापा टाकणारा आवाज राहिला, आणि त्याचा प्रश्न. त्या प्रश्नाचं खरं उत्तर अजून कुणी दिलेलंच नव्हतं.

त्यानं खालच्या वाटेकडे बघितलं. धुक्यातून वर येणारी वाट, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. वाटेवर कुणी नव्हतं.

“थांब,” तो म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला की स्वतःलाच ऐकू आलं नाही. म्हणून पुन्हा म्हणाला.

“थांब, नंद्या. राहू दे बाकीचं. थांब तू.”

डोंगरात आवाज घुमतो म्हणतात. हा घुमला नाही, तिथंच धुक्यात राहिला.

हेमंतच्या अंगातला घाम निवला, थंडी वाजायला लागली. कोंडिबांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि त्याच्याभोवती गुंडाळलं. मग त्याच्या दंडाला बोट लावलं.

“जरा सरका.”

हेमंत दगडाच्या एका टोकाला सरकला. दुसऱ्या बाजूला एका माणसापुरती जागा झाली.

कोंडिबा बसले नाहीत. ते त्या मोकळ्या जागेच्या पलीकडे जाऊन, वाटेकडे तोंड करून उभे राहिले.

“बसा ना, बाबा,” हेमंत म्हणाला. “तुमच्यासाठीच सरकलो.”

“मला नगं,” कोंडिबा म्हणाले. “त्येला बसू द्या… लांबनं पळत आलाय.”