एका दमात नाही

गडांवर तोफा चढायच्याही आधीच्या काळातली ही गोष्ट. सांगायची आहे लहानांना, पण तिची खरी गरज थोरांना आहे. तेव्हा थोरांनीही जरा जवळ सरकून बसावं.

एका उंच गडाच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात तालीम होती आणि तालमीत एक वस्ताद होता. दांडपट्टा चालवावा तर त्यानेच. पट्टा म्हणजे लांब, लवचिक पात्याची तलवार. तिचा लोखंडी खोबळा कोपरापर्यंत हात झाकून टाकतो. वस्तादाने पट्टा फिरवला की पातं दिसत नसे, नुसता वारा ऐकू येई.

दरवर्षी यात्रेला वस्ताद गड चढून देवीपुढे पट्टा फिरवी. हा पट्टा पिढ्यान् पिढ्या एका हातातून दुसऱ्या हातात आला होता, आणि तो शिष्याला देण्याचा रिवाज मोठा कठीण होता. यात्रेच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, वस्तादाला तीन गोष्टी कराव्या लागत. पायथ्यापासून धावत गड चढायचा. देवळापुढचा धोंडा उचलून छातीला लावायचा. आणि शेवटी शिष्याच्या उघड्या तळहातावरचं लिंबू पट्ट्याने कापायचं, तळहाताला ओरखडाही न येता. यातलं एक जरी चुकलं, तर पट्टा देवळातल्या खुंटीला लागायचा आणि पुन्हा कधीच खाली यायचा नाही.

वस्तादाची शिष्या म्हणजे त्याची लेक, गोजरा. तिची विद्या केव्हाच पुरी झाली होती. पण यात्रा जवळ आली की वस्ताद म्हणे, "पुढच्या वर्षी बघू."

लोकांना वाटे, लेकीला द्यायला त्याचं मन धजत नाही. तसं नव्हतं. वस्तादाला गडाच्या माथ्यावरचा वारा हवा होता. खालून धावत यावं, शेवटची पायरी ओलांडावी आणि घामाने भिजलेल्या छातीवर तो वारा घ्यावा, यासारखं सुख त्याला जगात दुसरं ठाऊक नव्हतं. पट्टा दिला की मान गेला, आणि मान गेला की तो वारा गेला. पहाटे जाग आल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या त्याला आपण विशीतलेच आहोत असं वाटे. पाय जमिनीला लागले, की गुडघे खरं वय सांगत.

एका वर्षी यात्रेत पट्टा फिरवताना त्याच्या हाताला कंप सुटला. इतरांना दिसला नाही, गोजराला दिसला. घरी आल्यावर वस्ताद स्वतःच म्हणाला, "पोरी, पुढच्या यात्रेला पट्टा तुझा."

आणि तो तयारीला लागला.

तयारी कशी? विशीत केली तशी! सकाळी गडाच्या पायऱ्या, दुपारी जोर-बैठका आणि दगड उचलणं, संध्याकाळी पट्टा. रोज. अंग दुखलं की तो म्हणे, "आळस चढलाय." दम लागला की म्हणे, "अजून थोडं." खांदा रात्री झोपू देईना, तसा तो आणखी लवकर उठू लागला. शरीर ओरडून काही सांगत असतं आणि माणूस त्यालाच कामचुकार ठरवतो. हा मूर्खपणा वस्तादाने एकट्यानेच केला असं नाही. पण त्याने तो मन लावून केला.

घरातलं बोलणंही बिघडलं. भाकरी कडक झाली म्हणून तो रागावे, मऊ झाली म्हणूनही रागावे. बायको म्हणाली, "आता पट्टा जिभेवर चढवलाय का?"

एका संध्याकाळी त्याने लाकडाच्या फळीवर लिंबू ठेवलं आणि वार केला. लिंबाच्या दोन फोडी झाल्या. शाबासकी मिळेल म्हणून त्याने गोजराकडे पाहिलं. ती लिंबाकडे पाहतच नव्हती. ती फळीकडे पाहत होती. फळीत पातं बोटभर रुतलं होतं.

तिचा उजवा हात आपोआप पाठीमागे गेला.

वस्तादाने तो हात मागे जाताना पाहिला. पण घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. त्याने मेहनत आणखी वाढवली.

त्या दिवसांत तालमीचा हौदा बंद होता. हौदा म्हणजे कुस्तीची माती. वर्षातून काही वेळा ती खणून, चाळून, तिच्यात ताक, तेल आणि हळद कालवून ठेवतात. मग माती मुरेपर्यंत हौद्यात पाऊल ठेवायचं नाही. काठावर कडुलिंबाची फांदी रोवलेली असते. त्या गावात लहान पोरसुद्धा ती फांदी ओलांडत नसे. हा नियम वस्तादानेच पोरांना कान पिळून शिकवला होता.

पण कडक अंगणात पवित्रे घेऊन त्याचे गुडघे ठणकत होते, आणि हौद्यातली माती मऊ होती. एके सकाळी आजूबाजूला कुणी नाही असं पाहून वस्तादाने फांदी ओलांडली.

माती अजून ओली होती. तिसऱ्याच पवित्र्याला पाय घोट्यापर्यंत रुतला, अंग फिरलं, गुडघा फिरला नाही. वस्ताद आडवा झाला.

गोजरा धावत आली. तिने आधी पट्टा बाजूला केला, मग बापाला काठावर ओढलं. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता.

"आबा, फांदी दिसली नाही का?"

"दिसली."

"मग?"

"यात्रा जवळ आली गं."

"यात्रा जवळ आली म्हणून माती लवकर मुरते?"

वस्ताद गुडघा दाबत बसला.

"तुम्हीच सांगायचात ना, नुसती खणलेली माती घात करते, मुरलेली माती झेलते? मातीला इतके दिवस देता. तिच्यावर फांदी रोवता. स्वतःच्या गुडघ्यावर कधी फांदी रोवलीत?"

"तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी—"

"माझ्या वयाचे होतात तेव्हा! आबा, आता माझ्या वयाची मी आहे." मग तिचा आवाज खाली आला. "माझा तळहात आहे तो. मला तो तुमच्यासमोर न घाबरता धरायचाय."

या वाक्याने वस्ताद मोडला. तो पोरीपुढे कधी रडला नव्हता. त्या दिवशी ओल्या मातीने माखलेल्या हाताने त्याने डोळे पुसले आणि तोंडभर हळद लागली. गोजराला रडावं की हसावं कळेना. ती हसली.

गुडघ्याची सूज उतरायला बरेच दिवस गेले. मग गोजराने त्याच्या मेहनतीची घडी बदलली. एक दिवस पायऱ्या, एक दिवस दगड, एक दिवस पट्टा. आणि मग एक दिवस काहीच नाही.

"काहीच नाही म्हणजे?" वस्ताद दचकला.

"काहीच नाही म्हणजे काहीच नाही. जेवायचं, तेल चोळायचं, झोपायचं."

"आणि बाकीचा वेळ?"

"आईशी बोला."

आतून बायको म्हणाली, "नको गं बाई, मला कामं आहेत."

तो रिकामा दिवस वस्तादाला धोंड्याहून जड गेला. तालमीतून पोरांचे शड्डू ऐकू येत आणि त्याच्या मांडीचे स्नायू आपोआप ताठ होत. नदीकाठी बसून तो गडाकडे बघे. माथा ढगात बुडालेला असे. तिथे आत्ताही तो वारा वाहत असेल, या विचाराने तो पुन्हा पुन्हा मान वर करी. आपलं तारुण्य कुठे गेलेलं नाही, ते वर पायऱ्यांच्या शेवटी बसून आपली वाट बघतंय, आणि आपण इथे पाण्यात पाय सोडून बसलोय, असं त्याला वाटे.

पण हळूहळू त्याला नवल दिसू लागलं. रिकाम्या दिवसानंतरच्या सकाळी दगड हलका लागे. खांदा झोपू देई. एकदा फळीवरचं लिंबू कापलं, तर फळीवर चरासुद्धा उमटला नाही. वस्तादाने फळीवरून दोनदा बोट फिरवलं आणि कुणाला न सांगता अर्ध्या लिंबाचं सरबत करून प्यायला.

यात्रेचा दिवस उजाडला. गडावर पाय ठेवायला जागा नव्हती.

वस्ताद पायथ्यापासून निघाला. धावत, पण असा, की शेजारून चालणाऱ्या बाया त्याच्याशी बोलू शकतील. तरणी पोरं भराभर पुढे गेली. पूर्वी तो त्यांच्या पुढे असे. त्याने दात आवळले आणि आपली चाल सोडली नाही. माथ्यावर पोहोचला तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती, पण पाय उभे होते. तो वारा आला. वस्तादाने डोळे मिटून घेतले.

"धोंडा! धोंडा!" लोक ओरडले. आजवरचे सगळे वस्ताद गड चढले तसे धोंड्याला भिडले होते आणि लगेच पट्टा चढवला होता. "एका दमात! एका दमात!"

वस्तादाच्या अंगात वीज गेली. केवढी ओळखीची होती ती आरोळी! त्याला वाटलं, जमेल. आज जमेलच. त्याने धोंड्याकडे एक पाऊल टाकलं. मग त्याला गोजरा दिसली. ती ओरडत नव्हती. ती मुकाट्याने त्याच्याकडे बघत होती.

वस्ताद देवळाच्या गुरवाकडे वळला. "गुरव, रिवाज काय म्हणतो?"

गुरव म्हणाला, "सूर्य मावळायच्या आत. एवढंच."

"एका दमात, असं कुठे म्हटलंय?"

गुरवाने डोकं खाजवलं. "तसं कुणी म्हटलेलं नाही. पण आजवर कुणी विचारलंही नाही."

वस्ताद देवळामागच्या आंब्याखाली गेला, फेटा उशाला घेतला आणि आडवा झाला.

सगळ्या यात्रेत हशा उठला. त्याच्याच वयाचा, त्याच्याशी जन्मभर कुस्ती खेळलेला भैरू ओरडला, "काय वस्ताद, घोंगडं आणू का?"

"आण," वस्ताद डोळे न उघडता म्हणाला, "आणि येताना पाणी आण."

सोपं नव्हतं ते. हलगी वाजत होती आणि तिच्या प्रत्येक ठोक्याला त्याचं अंग उठू म्हणत होतं. हजारो लोकांपुढे झोपणं हे हजारो लोकांपुढे लढण्यापेक्षा अवघड आहे. ज्याला खोटं वाटतं त्याने करून बघावं. वस्तादाच्या मिटल्या पापणीखालून पाणी वाहून कानात गेलं. विशीतला तो, एका दमात सगळं करणारा, गर्दीतून लांब लांब चालला होता, आणि वस्ताद त्याला हाक मारत नव्हता.

दुपार कलल्यावर तो उठला. हातपाय सैल केले. धोंड्यापाशी बसला, श्वास घेतला आणि तो उचलला. धोंडा मांडीवर आला, पोटावर आला, छातीला लागला. लोकांनी आरोळी ठोकली. वस्तादाने धोंडा ठेवला आणि पुन्हा आंब्याखाली जाऊन बसला. आता फारसं कुणी हसलं नाही.

उन्हं पिवळी झाली. गोजरा जवळ आली. "आबा, ऊन देवळाच्या पायरीवरून उतरलं."

"दिसतंय." त्याने उजवा हात पुढे धरला आणि बोटं पसरली. दोघंही त्या बोटांकडे बघत राहिली. एकही बोट हलत नव्हतं.

"चल," तो म्हणाला.

देवीपुढे गोजराने तळहात पसरला, त्यावर लिंबू ठेवलं. हलगी थांबली. या वेळी तिचा हात मागे गेला नाही. पातं एकदा फिरलं, दोनदा फिरलं, आणि लोकांना नुसता वारा ऐकू आला.

लिंबाच्या दोन फोडी दोन बाजूंना कलल्या. गोजराने त्या खाली टाकल्या आणि तळहात उंच केला. त्यावर फक्त रस चमकत होता.

वस्तादाने खोबळ्यातून आपला हात काढला. आत घामाने ओल होती. तसाच पट्टा त्याने गोजराच्या हातावर चढवला आणि म्हणाला, "जरा सैल होईल. हात भरेल तुझा."

"आणि तुम्ही?"

"मी आहे ना. उद्या तालमीत तुझा डावा पवित्रा बघायचाय. मला तो कधीच आवडला नाही."

"उद्या?" गोजरा म्हणाली. "उद्या रिकामा दिवस."

पुढे वस्ताद खूप म्हातारा होईपर्यंत गड चढला. मान नव्हता, हलगी नव्हती. बसत बसत, बोलत बोलत चढला, आणि माथ्यावरचा वारा त्याला प्रत्येक वेळी भेटला. तरी कधी कधी तरणी पोरं शेजारून धावत गेली की तो त्यांच्या पाठीकडे बघत राही, आणि भैरूने काय झालं विचारलं तर म्हणे, "काही नाही, ओळखीचं कुणी गेलं." त्या गडावर अजूनही पट्टा देताना वस्तादासाठी आंब्याखाली घोंगडं अंथरतात, आणि तो निजलेला असताना हलगी वाजवत नाहीत.

तात्पर्य: उतारवयात मेहनत बळ मागते आणि विसावा ते परत देतो; जो वेळेवर थांबायला शिकतो, तोच शेवटपर्यंत चालतो.