सेकंदाला तीन वेळा

"मग पाठवू ना, बाई?"

सलील भडसावळेने सकाळपासून हे चौथ्यांदा विचारलं. शोधनिबंध पाचच्या आत गेला तर नॉर्वेतली संशोधकाची जागा पक्की, नाहीतर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. आणि हर्डीकरबाईंची सही झाल्याशिवाय त्यांच्या विद्यार्थ्याचा कागद हलायचा नाही. बाईंना तर घाई म्हणून ठाऊक नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्या एकेक ओळ चवीने वाचत होत्या.

"काय सापडलंय? सोप्या भाषेत सांग."

"ध्रुवाजवळ आकाशात रंगीत प्रकाश नाचतो, त्या थरातून उपग्रह गेला. तिथल्या विद्युतभारित वायूची दाटी मोजली. ती थरथरतेय, बाई. सेकंदाला तीन वेळा दाट, तीन वेळा विरळ. हे आजवर कुणाला जमलेलं नाही."

"उपग्रह एकच?"

"एकच. पण उपकरण मी स्वतः तपासलंय. त्यात खोट निघायची नाही."

"उपकरणाला कोण नावं ठेवतंय..."

बाई पुन्हा वाचू लागल्या. सलीलला बसवेना. तो व्हरांड्यात येरझारा घालू लागला. खांबांमधून तिरपं ऊन आत आलं होतं. ते डोळ्यांवर येई, जाई, पुन्हा येई. आधीच जीव टांगणीला, त्यात हे.

"काय उघडझाप लावलीय या उन्हाने," तो वैतागला.

बाईंनी मान वर केली. "सेकंदाला किती वेळा?"

"काय?"

"ऊन."

सलील हसला. "मी चालतोय म्हणून तसं वाटतंय, बाई. ऊन आहे तिथेच..."

वाक्य तोंडातच राहिलं. पाय थांबले.

उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळत होता. हे त्यानेच पहिल्या पानावर लिहिलं होतं.

"म्हणजे ते थरथरत नसेलही," तो हळूच म्हणाला. "अडीच-अडीच किलोमीटरवर दाट वायूचे नुसते पुंजके असतील. जागच्या जागी. आणि धावणारे आपणच..."

"असतील. किंवा थरथरतही असेल."

"मग खरं काय?"

बाईंनी कागदावरच्या 'एकच उपग्रह' या शब्दांवर बोट ठेवलं.

साडेचार वाजले होते. सलीलला रडूच यायचं बाकी होतं.

"'यातलं कोणतं ते सांगता येत नाही,' असं लिहिलं तर मला कोण घेईल, बाई?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"लिहून आण. खात्रीने सही करावी, असं तेवढं एकच वाक्य आहे बघ."