बुवांभोवतीचं कडं

“बायको कशी आहे रे?”

“साधी आहे, बुवा. काही विचारत नाही. त्यामुळे घरात शांतता आहे.”

“अरेरे…” बुवा म्हणाले.

मठाच्या ओसरीखाली शरयू चपला काढत होती. तिनं सगळं ऐकलं. लग्नाला जेमतेम दीड महिना. तिनं चपला नीट जोडीनं लावल्या.

तिचा नवरा हेरंब बुवांचा लाडका शिष्य आणि शहरातल्या प्रयोगशाळेतला बडा माणूस. गावच्या पिण्याच्या तळ्यावर तेलाचा तवंग दिसायला लागला, तसा तो अतिनील किरणांचा कॅमेरा घेऊन गावी आला. तवंग किसनच्या इंजिनाच्या होडीचा, हे त्याचं घरूनच ठरलेलं. फोटो काढायचा, की संध्याकाळच्या ग्रामसभेत होडी बंद.

शरयूचं माहेर पलीकडच्या काठावर. जायला तेवढी एकच होडी.

घाटावर हेरंबनं कॅमेरा स्टँडवर चढवला. बुवा अंघोळीला गळ्यापर्यंत पाण्यात उतरले होते.

“डोळा फसेल, बुवा, हा फसायचा नाही. तेलाचा नुसता पापुद्रा असला तरी यात पांढरा उजळतो. उजळलं की तेल! मग समोर कुणी का असेना.”

त्यानं कॅमेरा होडीकडे वळवला. पडद्यावर होडीभोवती काळंशार पाणी. त्यानं काच पुसली. तरी काळंच.

वैतागून त्यानं कॅमेरा गर्रकन फिरवला… आणि त्याचा आ वासला. पडद्यावर बुवांभोवती पांढरंशुभ्र कडं!

“बुवा… तेजोवलय!”

त्यानं ओल्या पायरीवरच लोटांगण घातलं.

बुवांचा पंचा घेऊन घाटावर उभ्या असलेल्या शरयूची नजर पायरीवरच्या वाटीकडे गेली. सकाळी तिनंच ती खोबरेलानं काठोकाठ भरून दिली होती. आता वाटीत थेंब नव्हता.

बुवांनी पालथ्या पडलेल्या शिष्याकडे पाहिलं. मग टाळूवरून बोट फिरवलं आणि हात लांब करून पाण्यात बुडवलं. पडद्यावर बोटाभोवती आणखी एक छोटं कडं उमटलं.

“बोटालाही तेज आलं का रे?”

हेरंब उठून बसला. कडं बघत राहिला…

“मग ग्रामसभेत काय सांगू, बुवा?”

“मला काय विचारतोस? मी आरोपी. हिला विचार.”

शरयूनं बुवांपुढे पंचा धरला.

“अहो, किसनदादांच्या होडीभोवती उजळलं असतं, तर जे सांगणार होतात, तेच सांगा.”