अख्ख्या महालाची एक खोली

चंडराजांच्या सिंहासनावर अळंबी उगवली! थोडीथोडकी नाही, चांगली टोपलीभर. राजे थाटात येऊन बसले आणि खालून पचकन आवाज झाला. सगळ्या दरबाराने माना खाली घातल्या. हसायची कुणाची छाती होणार?

चूक राजांचीच होती, मी तर स्पष्टच सांगतो. राज्य समुद्रकाठी, हवा बारा महिने दमट, आणि हे गेले वाळवंटातल्या मेहुण्यांकडे पाहुणचाराला. तिथला जाड भिंतींचा, इवल्याइवल्या झरोक्यांचा महाल बघितला आणि आल्या आल्या फर्मान सोडलं, "आपल्यालाही अस्साच पाहिजे!" झाला बांधून. आता आत शिरलेली ओल बाहेर पडेना. मिठाचं पाणी झालं. तलवारी म्यानात गंजून बसल्या. शत्रू चालून आला तेव्हा सेनापती बिचारे म्यानासकट लढले! राजांची धोतरं तर काही केल्या वाळेनात. शेवटी राजवैद्यांनी शक्कल काढली. धोतर नेसवायचं आणि राजांनाच गच्चीवर पापडांशेजारी वाळत घालायचं. कावळे हाकलायला शेजारी शिपाई!

असेच अर्धवट वाळलेले राजे एकदा खाडीकाठी फिरायला निघाले. बरोबर प्रधान गुंडोपंत होते. एवढ्यात एका घरातून आवाज आला, "कुर्रम!"

राजे जागच्या जागी थबकले. "प्रधानजी, हा कसला आवाज?"

"पापडाचा, सरकार."

"कुरकुरीत पापड? माझ्या राज्यात? आणि मलाच पत्ता नाही?"

घर होतं धाकू बुरुडाचं. धाकू सुपं विकायला बाजारात गेला होता आणि त्याची लेक आवडी जेवायला बसली होती. राजे सरळ आत घुसले, तिच्या ताटातला पापड उचलून मटकावला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांनी घर न्याहाळलं. एवढीशी एकच खोली, जांभ्या दगडाच्या खांबांवर जमिनीपासून उचललेली. भिंती बांबूच्या, विणलेल्या. समुद्राचा वारा इकडून शिरत होता आणि तिकडून निघून जात होता. छप्पर उंच, नारळाच्या झापांचं, आणि ते चहूबाजूंनी इतकं पुढे आलेलं, की पावसाला भिंतीपर्यंत पोचायची सोयच नव्हती.

"ठरलं! आजपासून मी इथेच राहणार!" राजे म्हणाले.

"आणि आम्ही, सरकार?" आवडीने विचारलं.

"तुम्ही जा महालात!"

"नको हो सरकार! माझ्या बाबांना दमा आहे. त्या ओलीत ते जगायचे नाहीत!"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. राजे हट्टी होते, पण अगदीच दुष्ट नव्हते. मिशी कुरवाळत म्हणाले, "बरं, मग महालाच्या अंगणात मला असंच घर बांधून दे. याच मापाचं. बोटभरही मोठं नको."

"देते की!"

"पुढचं तर ऐक! मी राजा आहे. महालात आहेत ती सगळी दालनं त्यात हवीत. दरबार, भोजनगृह, शयनगृह, अगदी तुरुंगसुद्धा! एक जरी कमी पडलं, तर हे घर माझं!"

धाकू घरी आला आणि ऐकून मटकन खालीच बसला. "अगं, वेडबिड लागलंय का तुला? एवढ्याशा जागेत अख्खा महाल?"

"बाबा, खाडीत बुडवून ठेवलेले बांबू मुरले का?"

"मुरले. आता कीड लागायची नाही त्यांना."

"मग काढा बाहेर. महालाचं मी बघते!"

बापलेकीने घर उभं केलं. राजे आले, पाठोपाठ गुंडोपंत आले. आत बघतात तर एक खोली, तीही रिकामी!

"दालनं कुठायत?" गुंडोपंत कडाडले.

आवडीने चटई अंथरली, वर लोड ठेवला. "हा दरबार. विराजावं, सरकार!" राजे बसले. मानेवरून गार झुळूक गेली. "आता जरा बाहेर व्हा." राजे बाहेर गेले. तिने चटई गुंडाळली, पाट मांडला. "या आत! हे भोजनगृह!" पुन्हा बाहेर. पाट भिंतीला, गोधडी खाली. "हे शयनगृह!" राजांना भलतीच मजा वाटायला लागली. आतबाहेर पळत, टाळ्या पिटत ते विचारू लागले, "आता काय? आता काय?"

"तुरुंग! तुरुंग कुठाय?" गुंडोपंतांनी दात खाल्ले.

"आत जाऊन बघा ना, प्रधानजी."

गुंडोपंत तरातरा आत शिरले. आवडीने धाडकन दार ओढलं आणि बाहेरून अडसर घातला. "हा तुरुंग, सरकार!"

भिंतीच्या विणीतून प्रधानांचं नाक बाहेर आलं. "लबाडी आहे ही! महालात सगळी दालनं एकदम असतात. इथे एक मांडलं की दुसरं गायब!"

राजांच्या टाळ्या थांबल्या. "पोरी, प्रधानजी म्हणतात ते खरं आहे. मला सगळी एकदम हवीत." धाकूला धापच लागली.

आवडी मात्र जागची हलली नाही. "सरकार, रागावणार नसाल तर एक विचारू? आपण एका वेळी किती दालनांत बसता?"

"हा काय प्रश्न झाला? एकाच!"

"मग तेवढा वेळ बाकीच्या दालनांत कोण राहतं?"

राजांनी डोकं खाजवलं. एकदा महालाकडे पाहिलं, एकदा आवडीकडे.

"बुरशी!" ते ओरडले, आणि असे हसत सुटले की अर्धवट वाळलेलं धोतर सुटायची वेळ आली. "अरे, एवढा खर्च करून मी बुरशीला महाल बांधून दिला! आणि तिच्याकडून साधं भाडंसुद्धा घेतलं नाही!"

हसू आवरत त्यांनी धाकूच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं घर तुझंच, धाकू. तिथून तुला कुणी हलवणार नाही. आणि खाडीकाठचं सगळं बांबूचं बन आजपासून आवडीचं!"

"सरकार, मी अजून आतच आहे!" गुंडोपंत आतून कळवळले.

"कसं वाटतंय तुरुंगात?"

गुंडोपंतांनी नाक आत घेतलं. मग हळूच उत्तर आलं, "वारा छान येतोय, सरकार."

"मग निघा आधी बाहेर!" राजे गरजले. "आवडी, अंथर गोधडी! शयनगृहाची वेळ झाली!"